कांडीला घातलेलं वस्त्र

कुशाबा तेलवाल्याला माणसांपेक्षा काटा बरा वाटायचा, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

लालबागच्या त्या गिरणीत कार्डिंग खात्यात, जिथे कापूस पिंजला जातो, यंत्रांच्या प्रत्येक लायनीवर छताखालून एक लांबलचक लोखंडी दांडा फिरायचा. लायनीतली सगळी यंत्रं पट्ट्यांनी त्या दांड्यावर चालत. दांडा जिथे बेअरिंगवर टेकलेला, तिथे तेल कमी पडलं की लोखंड तापायचं, आणि खाली जिकडे बघावं तिकडे कापूस. पूर्वी तेलवाले शिडी लावून वर चढत आणि बेअरिंगला हात लावून बघत. मग एका वर्षी एकाचा पंजा पट्ट्यात गेला तेव्हा कुठे साहेबलोकांना जाग आली आणि विलायतेहून यंत्र आलं. बेअरिंगच्या टोपणात एक भोक पाडलं, भोकात बोटाएवढी तांब्याची कांडी बसवली, कांडीतून एक बारीक नळी काढून भिंतीवरच्या तबकडीला जोडली. कांडीला ऊब लागली की तबकडीवरचा काटा चढायचा. लाल खुणेला टेकला की घंटा वाजायची. शिडीवर चढायचं नाही, हात लावायचा नाही, काटा बघायचा, असा हुकूम निघाला.

बाकीच्या तेलवाल्यांनी नाकं मुरडली. कुशाबाने मात्र त्या काट्यावर जीव लावला. त्याच्या समाजातला तो या खात्यातला पहिला तेलवाला. हातात तेलाचा डबा आला तेव्हा लोकांनी त्याला काय काय ऐकवलं नव्हतं! "तेलाचं काम बापजाद्यापासून हातात असावं लागतं, ते असं कुणालाही येत नाही." हे सांगणाऱ्यांचे बापजादे गावाकडे नांगर धरत होते, पण ते सोडा. काटा आला आणि या सगळ्यांची तोंडं गप्प झाली. दोनदा घंटा वाजली, दोन्ही वेळा कुशाबाने धावत जाऊन पट्टा उतरवायला लावला, बेअरिंग उघडलं, तेलाच्या वाटेत अडकलेली पिंज काढली आणि खातं वाचलं. काट्याला जात कळत नव्हती. जो आकडा ब्राह्मण साहेबाला दाखवायचा तोच कुशाबाला.

खात्यात त्याचा एकच जिवलग होता, शेजारच्या लायनीचा तेलवाला बुधाजी. देवगडकडचा, बोलका, देवभोळा, आणि डोळ्यांत लगेच पाणी येणारा. छप्पनच्या जानेवारीत मुंबईसाठी गिरणगाव पेटलं आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा परळच्या नाक्यावर बुधाजीच्या मांडीला काठीचा असा तडाखा बसला की त्याला उठवेना. कुशाबाने त्याला खांद्यावर टाकून वरळीला बीडीडी चाळीत आपल्या खोलीत नेलं. संचारबंदी उठेपर्यंत बुधाजी तिथेच राहिला, कुशाबाच्या बायकोच्या, जाईबाईच्या, हातची भाकरी आणि सुकटीची चटणी त्याने खाल्ली, आणि निघताना म्हणाला, "वैनी, आमच्या गावात कळलं तर वाळीत टाकतील माका, पण अशी चटणी आमच्यात कोणाक येत नाय." त्यानंतर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रत्येक सभेला दोघे बरोबर. एकाच चटईवर बसायचे, एकाच विडीचे दोन तुकडे करायचे. मुंबई महाराष्ट्राला मिळाली की आपल्यातलं बाकीचंही सगळं मिटेल, असं बुधाजीला मनापासून वाटायचं. कुशाबाला तेवढं वाटत नव्हतं, पण मित्राचा हिरमोड कशाला करा.

त्याच वर्षाच्या शेवटी बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर चितेसमोर जी हजारो माणसं बौद्ध झाली त्यात कुशाबा आणि जाईबाई होते. घरातले देव समुद्रात गेले. कुशाबा हा बोलघेवडा माणूस नव्हे, पण घेतलेली प्रतिज्ञा त्याने अंगातल्या सदऱ्यासारखी रोज वापरली.

मग सत्तावन्नचा दसरा आला.

गिरणीतली खंडेनवमी म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. दुपारी यंत्रं बंद होतात, प्रत्येकजण आपला साचा घासूनपुसून लखलखीत करतो, झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, हळदकुंकू, नारळ. वर्षभर ज्या लोखंडाला शिव्या घातल्या त्यालाच हात जोडायचे. कुशाबाने आपली लायन सगळ्यांपेक्षा चांगली पुसली, जुनं तेल काढून नवं भरलं, आणि माळांची टोपली पुढे आली तेव्हा ती पुढच्या माणसाकडे सरकवली.

"का रे?" शामराव जॉबरने विचारलं. खात्यातल्या माणसांवर शामरावचा शब्द चालायचा.

"मी आता पूजा करत न्हाई, जॉबर. साफसफाई केलीय. दुसऱ्या कुणी केली तर माझी ना न्हाई, पर मला सांगू नका."

"अरे, एक टिळा लावायला तुझा धर्म बुडतो काय?"

"बुडतो," कुशाबा म्हणाला, आणि डबा उचलून नळावर हात धुवायला गेला.

खात्यात कुजबुज सुरू झाली. लायन उघडी राहिली, देवीचा कोप होणार, याला तेलावरून काढा. कुशाबाला बोललेलं बुधाजीला सहन होत नव्हतं, आणि देवीची भीतीही तेवढीच खरी होती. अशा माणसाने काय करावं? त्याने दोघांचीही मर्जी राखायचं ठरवलं. सगळे नारळ फोडायला अंगणात गेले तसा तो कुशाबाच्या लायनीवर शिडी लावून चढला. बाहेरून टिळा लावला तर कुशाबाला दिसेल, त्याला राग येईल. म्हणून त्याने नट सैल करून भोकातली तांब्याची कांडी बाहेर काढली. घरचा तांब्या घासतात तशी ती चिंचेने घासली, हळदकुंकू वाहिलं, आणि देवाला घालतात तसं कापसाचं वस्त्र तिला गुंडाळलं. चांगले तीन पदर घातले, कंजुषी केली नाही. मग ती वस्त्रासकट भोकात दाबून बसवली, नट आवळला आणि हात जोडले. पूजा झाली होती आणि दिसत नव्हती. इतक्या प्रेमाने काम बुधाजीने आयुष्यात दुसरं केलं नसेल.

दसऱ्यानंतर गिरणी सुरू झाली. कुशाबाच्या तबकडीवरचा काटा पूर्वीपेक्षा खालीच राहू लागला. कुशाबाला वाटलं, नव्या तेलाचा गुण. बुधाजीला वाटलं, देवी पावली. दोघेही खुशीत होते.

दिवाळी तोंडावर आलेली असताना भर दुपारच्या पाळीत ते बेअरिंग तापलं. तेलाच्या वाटेत पुन्हा पिंज अडकली होती. कुशाबा खालीच उभा होता. त्याने काटा पाहिला, काटा शांत होता. जरा वेळाने त्याला करपल्याचा वास आला, त्याने पुन्हा पाहिलं, काटा शांत. वास शेजारच्या पट्ट्याचा असेल म्हणून तो तिकडे बघायला गेला. तेवढ्यात वर साठलेली तेलकट पिंज पेटली आणि जळती खाली पडली, थेट कापसाच्या गुंडाळीवर. घंटा वाजली, पण तेव्हा घंटेची कुणाला गरज राहिली नव्हती.

त्या यंत्रावर शिवा होता. बुधाजीच्या धाकट्या बहिणीचा, बकुळाचा, एकुलता एक मुलगा. मामाच्याच खोलीत राहायचा, लग्न होऊन वर्ष झालेलं, बायको गावाला. पेटलेली गुंडाळी ओढून बाजूला करायला गेला आणि त्याच्या अंगावरचे कपडे पेटले. कुशाबाने गोणपाट टाकून त्याला लोळवलं, त्यात कुशाबाचेही दोन्ही पंजे भाजले. शिवाला परळच्या इस्पितळात नेलं. कुशाबाला हाताला पट्ट्या बांधून घरी पाठवलं आणि सांगितलं, चौकशी होईपर्यंत गेटात पाय टाकायचा नाही.

साहेबांनी कांडी काढून नेली. तिच्यावर नुसती काळी राख होती. पुसून उकळत्या पाण्यात बुडवली तर काटा टुणकन उडाला. म्हणजे यंत्र चांगलं, माणूस वाईट. खात्याचा निकाल तर त्याआधीच लागला होता. पूजा केली नाही, दुसरं काय! जी माणसं कालपर्यंत भांडवलदारांच्या नावाने घसा सुकवत होती, त्यांना देवीचा हा न्याय एका मिनिटात पटला. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

तिसऱ्या दिवशी बुधाजी वरळीला आला. इस्पितळातून तसाच आला होता, डोळे सुजलेले. जाईबाईने चहा ठेवला. तो कुशाबाच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघून रडला, आणि मग नाक पुसून म्हणाला, "तू काय पण काळजी करू नको. लोक म्हणतात पूजा केली नाय म्हणून झालं. मी सगळ्यांना सांगतो, पूजा झाली होती. मी केली होती."

"कसली पूजा?"

"तुझ्या लायनीची. तुला सांगितलं नाय, तू चिडला असतास. बाहेर काय ठेवलंच नाय रे मी! ती कांडी काढली, चकचकीत घासली, हळदकुंकू वाहिलं, कापसाचं वस्त्र गुंडाळलं आणि आत बसवली. आता बोला म्हणावं!"

कुशाबाला आधी वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो.

"कापूस गुंडाळलास? कांडीला?"

"तीन पदर. का रे?"

जाईबाई तेव्हा चुलीवरचं चहाचं भांडं उतरवत होती. कुशाबाने तिच्याकडे मान वळवली. "बुधाजी, ती बघ. भांडं कशानं धरलंय?"

"फडक्यानं."

"का?"

"चटका बसतो म्हणून." बुधाजी हसल्यासारखं करून म्हणाला, आणि मग त्याचं हसू तिथेच राहिलं. तो भांड्याकडे बघत राहिला. जाईबाईने चहा कपांत ओतला, भांडं खाली ठेवलं, फडकं झटकून खांद्यावर टाकलं, तरी तो तिच्या खांद्यावरच्या त्या फडक्याकडेच बघत होता.

"म्हणजे काट्याला कळलंच नाय?"

"कसं कळंल? कांडी तळाला टेकलीच नसंल. बेअरिंग जळत हुतं आन काटा मला थंड दावत हुता. मी खाली हुबा हुतो रं, बुधाजी! वास आला मला. तरी काट्यावर इस्वास ठेवला मी." कुशाबाचा आवाज चढला होता. त्याला मित्राचा गळा धरावासा वाटत होता आणि हात धरता येण्यासारखे नव्हते.

"मी तुझ्यासाठी केलं," बुधाजी म्हणाला. "तुला कोणी बोलू नये म्हणून केलं."

"ठावं हाय."

"शिवाला मीच..."

"तसं बोलू नगं. पोरगा जिता हाय, बरा हुईल." कुशाबाचा राग ओसरला, त्याच्या जागी दुसरंच काही आलं. "पर चौकशीत मला हे सांगावं लागंल. तुला आधी सांगतोय, मागनं न्हाई. माझं काम जाईल न्हाईतर. आन माझ्या एकट्याचं न्हाई. उद्या आमचा कुणी तेलाच्या कामाला गेला तर म्हणतील, मागच्यानं गिरणी जाळली. तूबी खरं सांग. दंड करतील, खालच्या कामावर टाकतील. जल्माचं न्हाई जात."

"सांगतो," बुधाजी म्हणाला. "देवाशपथ सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे."

चहा तसाच राहिला. बुधाजी गेल्यावर जाईबाई म्हणाली, "सांगंल का वो?" कुशाबा म्हणाला, "बुधाजी हाय तो." त्याला खरोखरच खात्री होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी शिवा गेला.

म्यानेजरच्या केबिनमध्ये साहेब, खात्याचा मास्तर, शामराव जॉबर आणि एक लिहिणारा कारकून, एवढेच होते. कुशाबाने सगळं सांगितलं. सरळ, न चिडता, कांडी, कापूस, काटा. साहेब चष्मा काढून ऐकत होता. त्याला ते पटण्यासारखं वाटलं असावं, कारण त्याने कांडीवरच्या राखेबद्दल मास्तरला काहीतरी विचारलं. मग त्याने बुधाजीला आत बोलावलं.

बुधाजीने डोक्याचे केस काढले होते. भाच्याला अग्नी त्यानेच दिला होता. तो आत आला आणि कुशाबाच्या बाजूला न राहता दाराशी उभा राहिला.

"तू यांच्या लायनीची कांडी काढली होतीस? खंडेनवमीला?"

साहेबाने पुन्हा विचारलं.

"नाय, साहेब."

"पूजा केली होतीस?"

"नाय. मी कशाला करू? तो बौद्ध झालाय. त्याच्या लायनीला कोणी हात नाय लावला, सगळ्यांना विचारा." त्याचा आवाज अगदी सपाट होता. तो कुशाबाकडे बघत नव्हता, कुणाकडेच बघत नव्हता.

"बुधाजी," कुशाबा म्हणाला, "माझ्या घरात बसून बोललास तू!"

"तुझ्या घरात मी भेटायला आलो होतो. हात भाजले म्हणून."

शामरावने मान हलवली, म्हणजे झालं. साहेबाने चष्मा पुन्हा लावला. कारकुनाची लेखणी कागदावर फिरली, आणि कुशाबा कामावरून गेला. दोन आरोप होते, आणि मौज अशी की दोन्ही एकमेकांना पुरते विरुद्ध. साहेबांच्या लेखी त्याने काट्याकडे लक्ष दिलं नाही. खात्याच्या लेखी त्याने काट्यावर भरवसा ठेवला आणि देवीला विसरला.

घरी आल्यावर जाईबाईने बुधाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "समितीच्या सभंला खांद्याला खांदा लावून बसतंय मेलं! मुंबई पायजे यांना. खरं बोलाया नगं." कुशाबा ऐकत होता. त्याला राग येत होता, खूप येत होता, पण रागाच्या खाली एक गोष्ट त्याला साफ दिसत होती. ज्या माणसाने भाच्याला अग्नी दिला, त्याने आगीला मीच कारण हे कुठल्या तोंडाने सांगावं? हे कळत होतं म्हणून काम परत मिळत नव्हतं, आणि कळत होतं म्हणून दुखायचंही थांबत नव्हतं.

शिवाचे दिवस झाल्यावर एका सकाळी दारात बाई उभी राहिली. काळी, किडकिडीत, कोकणी काष्टा, कपाळ मोकळं. शिवाची आई, बकुळा. मुलाला तिने शेवटचं पाहिलंच नव्हतं, बोट पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. आज ती परत निघाली होती, पण आधी त्या तेलवाल्याला बघायचंय म्हणून हट्ट धरून बसली. बुधाजीला तिला आणावं लागलं. नाही म्हणाला असता तर तिने का म्हणून विचारलं असतं. तो तिची वळकटी काखेत धरून मागे, गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा होता.

जाईबाईने पाणी पुढे केलं. बकुळाने ते घेतलं नाही. ती कुशाबाच्या हातांकडे बघत होती. पट्ट्या निघाल्या होत्या, कातडी गुलाबी आणि ताणलेली होती.

"माज्या झिलाक तू इझवलंस म्हणतत," ती म्हणाली.

"प्रयत्न केला, बाई."

"मगे एक टिळो लावलंस असतंस तर तुजा काय गेला असता रे? चिमूटभर कुंकू. तुजो देव येगळो, मान्य. पन माज्या पोराचो जीव व्हतो थंयसर."

ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर कुशाबाला सोपं गेलं असतं. त्याने मागे उभ्या बुधाजीकडे पाहिलं. बुधाजीची नजर फरशीवर होती. जाईबाई दातावर दात धरून म्हणाली, "सांगा तिला. आता तरी सांगा."

गिरणीत जे झालं ते झालं, ते कुशाबाने गिळलं असतं. पण ही बाई उद्या गावात जाऊन जन्मभर हेच धरून बसणार, की एका माणसाने हात जोडले नाहीत म्हणून आपला मुलगा जळला. हे खोटं तिच्या पदरात टाकून तिला बोटीत बसवायचं त्याच्याने होईना.

"टिळा लावला हुता, बाई," तो म्हणाला. "टिळा, हळद, वस्त्र, समदं झालं हुतं. अगदी मनापासनं झालं हुतं."

"कोणी केल्यान? तू?"

"मी न्हाई. ज्यानं केलं त्याचा शिवावर लई जीव हुता."

बकुळा हळूहळू मागे वळली आणि भावाकडे बघू लागली. गिरणीतलं, इस्पितळातलं, इतके दिवस ज्याने तिला सगळं सांगितलं होतं त्या भावाच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे.

"पूजा झाली व्हती," ती म्हणाली. "तर मगे माजो झिल कशान गेलो?"

बुधाजीने वळकटी या काखेतून त्या काखेत घेतली. "चल, बकुळा," तो म्हणाला. "भाऊच्या धक्क्यावर जायचं आहे. बोट चुकेल."

"चुकांदे, दादा," ती म्हणाली, आणि कुशाबाच्या उंबऱ्यावर खाली बसली. "तू सांग."